‘डिक्लाइन’ आणि वाशीम

नगराची वा घराण्याची पडती सांगतांना ‘डिक्लाइन’ हा इंग्रजी शब्द हल्लीं सर्रास योजिला जातो. त्यानें अर्थहानि होते, असें आमचें म्हणणें आहे. वाशीमचेंच उदाहरण घेऊं. प्राचीन वत्सगुल्म तें हेंच. द्वितीय विंध्यशक्तीचा ३७ व्या राज्यवर्षाचा ताम्रपट १९३९ सालीं येथें उजेडांत आला. तो वत्सगुल्माहूनच दिलेला आहे. हरिषेणानंतर ही वाकाटक शाखा लयास गेली; हा वंशाचा अस्त. त्याबरोबर राजधानीचा मान गेला. हा नगराचा अपकर्ष. पुढें १९०५ सालीं वाशीम जिल्हा मोडून वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्यास आणि पुसद यवतमाळास जोडले. ही निव्वळ पदच्युति, कारण तें पद १ जुलै १९९८ रोजीं परत मिळालें. तिन्हींस ‘डिक्लाइन’ म्हटल्यास कारणें शोधण्याची वाटच बुजते.

परका शब्द आम्हांस वर्ज्य नाहीं. फारसीच्या मार्गानें आलेले ‘बरतर्फ’ व ‘जप्त’ हे शब्द जुन्या दप्तरांत पडतीचेच आहेत. परंतु एकांत चाकरी गेल्याचा व दुसऱ्यांत मालमत्ता गेल्याचा नेमका बोध आहे. कोणाचें काय गेलें व केव्हां, हें संशोधकानें आधीं ठरवावें. योग्य शब्द मग दूर नाहीं.