सरोवरकाठचे हस्तोद्योग : एक मूल्यमापन

इंग्लंडच्या वायव्येकडील सरोवरप्रांत आपल्याकडील सुशिक्षितांस प्रथम भेटतो तो कवितेच्या पुस्तकात. तेथील डोंगर, तळी आणि मेंढपाळ यांची ओळख वर्डस्वर्थने आपणांस महाविद्यालयातच करून दिलेली असते. पण त्या तळ्यांकाठची माणसे हाताने कोणते उद्योग करीत, ते का बुडाले आणि ते पुन्हा उभे करण्याचा यत्न कोणी केला, याची चौकशी करण्याचे आपणांस सहसा सुचत नाही. या यत्नामागे जो विचार होता, तोच पुढे आफ्रिकेच्या वाटेने थेट वर्ध्यापर्यंत येऊन पोचला. सबब त्याचे गुणदोष पाहणे हे आपल्या दृष्टीने परक्याच्या घरात डोकावणे नव्हे.

उद्योग बुडाल्याची साक्ष खुद्द वर्डस्वर्थच देतो. 1800 सालच्या ‘मायकेल’ या काव्यातील मेंढपाळाच्या घरी दोन चरखे आहेत : मोठा लोकरीचा आणि लहान जवसाच्या धाग्याचा. त्यांतील एक थांबलाच, तर दुसरा चालू असतो म्हणूनच थांबावयाचा. पुढे सरोवरप्रांताचे वर्णन करणाऱ्या आपल्या गद्य पुस्तकात तो याची मीमांसाही करतो. लहान जमीनमालकाचा संसार शेतीबरोबर घरच्या सूतकताईवर चालत असे. यंत्रे आली, ती मिळकत गेली, जमिनी गहाण पडल्या आणि बाहेरच्या धनिकांच्या हाती गेल्या. निसर्गकवी म्हणून ज्याची आपण बोळवण करतो, त्याची ही अर्थदृष्टी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

1871 साली जॉन रस्किनने कॉनिस्टन तळ्याच्या काठचे ब्रँटवुड हे घर विकत घेतले. त्याच्या प्रेरणेने त्या परिसरात दोन प्रयोग झाले. पहिला लँगडेल खोऱ्यातला. अल्बर्ट फ्लेमिंग या वकिलाने 1883 च्या सुमारास मेरियन ट्वेल्व्हज या बाईंच्या साहाय्याने तेथील वृद्ध स्त्रियांना पुन्हा चरख्यावर बसविले. स्त्रियांनी घरी सूत कातावे, एल्टरवॉटर येथील एका घरात ते विणले जावे, आणि कापड उघड्यावर उन्हात शुभ्र व्हावे, अशी योजना होती. माग मिळाला तो सुट्या भागांत. तो जोडण्याची रीत कोणास ठाऊक नसल्याने फ्लॉरेन्सच्या घंटाघरावरील विणकराच्या शिल्पाचे चित्र पाहून तो उभा केला, असे सांगतात. ज्या खोऱ्यात घरोघरी चरखे होते, तेथे साठ-सत्तर वर्षांत हे ज्ञान इतके लोपावे की ते इटलीहून आणावे लागावे, ही गोष्ट पुष्कळ काही सांगून जाते. दुसरा प्रयोग डरवेंटवॉटर तळ्याजवळच्या केसिक गावचा. तेथील धर्मोपदेशक कॅनन रॉन्सली व त्यांच्या पत्नी एडिथ यांनी 1884 साली तांबे-पितळेवरील ठोकीव नक्षी आणि लाकडावरील कोरीवकाम यांचे सायंवर्ग उघडले. ही शाळा पुरी शंभर वर्षे चालून 1984 साली बंद झाली.

या प्रयोगांस कोणते माप लावावे? रस्किनचेच लावणे न्याय्य होईल. ‘स्टोन्स ऑफ व्हेनिस’ या ग्रंथाच्या 1853 साली निघालेल्या दुसऱ्या खंडात त्याने गॉथिक शिल्पाचे विवेचन करताना ग्राहकास तीन नियम घालून दिले आहेत. ज्या अनावश्यक वस्तूत कारागिराच्या कल्पकतेस वाव नाही, तिला उत्तेजन देऊ नये. केवळ गुळगुळीतपणासाठी गुळगुळीतपणा मागू नये. आणि नकलेस आश्रय देऊ नये. कारागिराच्या चुकेतही त्याचे मन दिसते, आणि ते मन मारून मिळविलेली सफाई ही गुलामगिरीची खूण होय, हा त्यामागील आशय.

या मापाने पाहता दोन्ही प्रयोग पुरते उतरत नाहीत. केसिकच्या कामात नमुने पुष्कळदा शिक्षित कलावंतांनी काढावयाचे आणि गावच्या तरुणांनी ते पत्र्यावर उठवावयाचे, अशी वाटणी झाली. लँगडेलच्या कापडावरील जाळीकाम जुन्या परदेशी नमुन्यांवरून घेतलेले होते. मात्र पुढे त्यातून जी ‘रस्किन लेस’ निपजली, तिच्यात विणणारीला चौकटीच्या आत स्वतःची रचना करण्यास मोकळीक होती, आणि म्हणूनच की काय, कापडाचा उद्योग थंडावल्यावरही ती कला तेथे टिकून राहिली. म्हाताऱ्या बायकांना चुलीशेजारी बसून चार पैसे व मान मिळाला, हेही लहानसहान यश नव्हे. 1900 साली रस्किनच्या शवपेटीवर घातलेले वस्त्र याच परंपरेतील होते. लिननवर रानगुलाब भरलेले, आणि त्यावर ‘अनटू धिस लास्ट’ हे त्याच्या ग्रंथाचे नाव.

पण खरा दोष याहून खोल आहे, आणि तो रस्किनच्या मापातच आहे. हे कापड लँगडेलचा शेतकरी अंगावर घालीत नव्हता. केसिकचे नक्षीदार तबक केसिकच्या मजुराच्या घरी नव्हते. ग्राहक होता तो पाहुणा, किंवा जुन्या मालकांच्या जागी आलेला नवा धनिक. म्हणजे ज्या वर्गाच्या आगमनाबद्दल वर्डस्वर्थ खेद करतो, त्याच्याच आवडीवर हा उद्योग उभा होता. आवड बदलली की तो खचणार, हे उघड होते.

याच्या उलट टोकाचे चित्र त्याच प्रांतात, विंडरमिअर तळ्याच्या दक्षिण टोकाशी दिसते. 1835 साली बांधलेल्या स्टॉट पार्क येथील गिरणीत आसपासच्या रानातील लाकडापासून लँकाशरच्या सूतगिरण्यांसाठी बॉबिनी होत. ज्या यंत्राने चरखा बंद पाडला, त्याचेच अवयव चरख्याच्या माहेरी तयार व्हावेत, हा दैवाचा विलक्षण खेळ! येथे मागणी भरपूर होती. पण लाकडाच्या भुशात दिवसभर उभ्या असलेल्या मुलांच्या मनास तेथे काडीचाही वाव नव्हता. ही गिरणी 1971 साली थांबली. आता ती संग्रहालय आहे.

या दोहोंच्या मधोमध एक वस्तू आहे, जिच्याकडे कलाप्रेमी मंडळींचे फारसे लक्ष गेले नाही. ती म्हणजे ‘स्विल’ नावाची टोपली. ओकचे लाकूड शिजवून, चिरून त्याच्या पातळ पट्ट्या काढावयाच्या आणि हेझलच्या वळविलेल्या काठाभोवती त्या विणावयाच्या. बटाटे, कोळसा, पेरणीचे बी, सारे या टोपलीतून वाहिले जाई. लाकडाची शीर कोठे धावते हे प्रत्येक ओंडक्यापाशी कारागिराने स्वतःच ओळखावयाचे. नमुना वरून आलेला नाही, सफाई दाखविण्यासाठी नाही, आणि ग्राहक शेजारचाच. बादल्या आणि पुढे प्लॅस्टिक येईपर्यंत ही टोपली कोणाच्या कृपेवाचून जगली. आज ती विणणारे अगदी थोडे उरले आहेत, हे खरे. पण ती गरज संपली म्हणून मागे पडली, कौतुक आटले म्हणून नव्हे.

तेव्हा रस्किनच्या तीन नियमांस चौथ्याची जोड हवी होती : ही वस्तू कारागिराच्या शेजाऱ्यास हवी आहे काय? ही उणीव हेरली ती गांधीजींनी. ‘अनटू धिस लास्ट’ त्यांनी 1904 साली आगगाडीत वाचले व 1908 साली त्याचा सारांश ‘सर्वोदय’ या नावाने गुजरातीत दिला. त्यांनाही फ्लेमिंगप्रमाणेच चरखा शोधावा लागला. पण कातणाऱ्याने आपले सूत स्वतः ल्यावे आणि शेजाऱ्याच्या हातची वस्तू वापरणे हा स्वदेशीचा अर्थ समजावा, असा आग्रह त्यांनी धरला. 1934 साली वर्ध्यास ग्रामोद्योग संघ निघाला तोही याच धोरणाने. तो आग्रह कितपत सिद्धीस गेला, हा वेगळा प्रश्न. त्याची दिशा मात्र अधिक सखोल होती, यात शंका नाही.

2017 साली सरोवरप्रांताचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला. वारसा म्हणून जपणे चांगलेच. पण जपलेली वस्तू आणि वापरातली वस्तू यांत अंतर आहे. आपणही हल्ली प्रदर्शनातून हस्तकलेच्या वस्तू हौसेने आणतो व काचेच्या कपाटात ठेवतो. त्यात गैर काही नाही. मात्र तेवढ्याने कारागिराचे ऋण फिटले, असे मानू नये. घरात रोज लागणारी एखादी तरी वस्तू, पाटी, सूप, मडके वा पंचा, आपण त्याच्याकडून घेतो काय, आणि ती घेताना त्याच्या हाताला विचार करावयास उसंत ठेवतो काय, हे दोन प्रश्न त्या तळ्यांकाठच्या इतिहासाने आपल्यापुढे ठेवले आहेत. त्यांची उत्तरे संस्थांनी नव्हे, घरांनी द्यावयाची आहेत.