'अबाउट'चा पैस

इंग्रजीतला 'अबाउट' हा शब्द वापरून वापरून इतका गुळगुळीत झाला आहे की त्याच्यापाशी कुणी थांबत नाही. 'अ‍ॅप्रॉक्झिमेटली' लॅटिन घराण्यातला, अहवालात शोभणारा. 'अबाउट' मात्र अस्सल इंग्रजी मातीतला. जुन्या इंग्रजीत त्याचं रूप 'ओनबूटन', म्हणजे बाहेरच्या अंगाने, सभोवार. आकड्याच्या गाभाऱ्यात न शिरता त्याला प्रदक्षिणा घालणारा हा शब्द. 'अबाउट फिफ्टी' म्हणणारा पन्नासावर बोट ठेवत नाही, पण पन्नासाला सोडून लांबही जात नाही.

त्याला गोल आकडे मानवतात. 'अबाउट फिफ्टी-थ्री' म्हटलं की ऐकणारा थबकतो. त्रेपन्नापर्यंत मोजलंत, तर मग अंदाज कसला? (आपण याबाबतीत अधिक कडक. पन्नासेक माणसं येतात. त्रेपन्नेक कधीच येत नाहीत.)

या शब्दाची मला सर्वांत आवडती जागा बायबलच्या 1611च्या किंग जेम्स भाषांतरात आहे. येशूने लोकसमुदायाला जेवू घातल्याची मत्तयने सांगितलेली गोष्ट. भाकरी पाच, मासे दोन, उरलेल्या तुकड्यांच्या टोपल्या बारा. हे सगळे आकडे नेमके. 'अबाउट' येतो तो फक्त पाच हजार पुरुषांच्या आधी. भाकरी हातात घेऊन मोजता येतात, टोपल्याही. रानात पांगलेली माणसं कोण मोजणार? चमत्कार सांगतानाही सांगणाऱ्याने आपल्याला काय मोजता आलं नाही ते लपवलेलं नाही. त्या एका शब्दामुळे बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो. बायका-मुलं मात्र हिशेबाबाहेरच. त्यांच्या वाट्याला अंदाजसुद्धा आला नाही.

हाच ढगळ शब्द बँकेत गेला की मापात येतो. निर्यातीच्या लेटर ऑफ क्रेडिटला, म्हणजे एलसीला, बहुधा इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सचे यूसीपी 600 हे नियम लागतात. ते 2007पासून अमलात आहेत. त्यांत 'अबाउट'चा पैस ठरवून दिला आहे: 10 टक्के वर, 10 टक्के खाली. 'अबाउट' 100 टन कांदा म्हणजे 90 ते 110 टन. तारखेआधी 'ऑन ऑर अबाउट' आलं तर पाच दिवस अलीकडे, पाच पलीकडे. 15 मार्च लिहिलं असेल तर 10 ते 20 मार्च, दोन्ही टोकं धरून. शब्द नसला तरी मालाच्या परिमाणात 5 टक्के फरक चालतो, पण परिमाण पोत्यांच्या किंवा नगांच्या संख्येत दिलं असेल तर तोही नाही. मोजता येतं तिथे सूट नाही. मत्तयच्या भाकरींचा न्याय बँकवाल्यांनीही पाळला, हे मला फार आवडतं.

आणि हा शब्द शेजाऱ्याला काही देत नाही. तो टनांआधी असेल आणि रकमेआधी नसेल, तर 110 टन पाठवूनही पैसे मिळतील ते एलसीच्या रकमेपुरतेच. तेव्हा एलसी हातात आली की आधी बघा, 'अबाउट' नेमका कोणत्या आकड्याच्या आधी बसलाय.