गुलाब, कलेतील

गुलाब, कलेतील : चित्रकला व अलंकरण-कला यांतील एक बहुप्रचलित आकृतिबंध व प्रतीक. गुलाब म्हणजे प्रेम, असा ठोकळेबाज अर्थ सामान्यतः लावला जातो. तथापि कलेतिहासात या एकाच फुलाने देहसौंदर्य व कौमार्य, राजसत्ता व नश्वरता असे परस्परविरोधी आशय व्यक्त केले आहेत. कलाकृतीतील स्थान व सोबतचे घटक यांवरूनच त्याचा अर्थ निश्चित होतो.

ग्रीक-रोमन परंपरेत गुलाब हे प्रेमदेवता व्हीनसचे फूल होते. सांद्रो बोत्तिचेल्लीच्या (सु. १४४५–१५१०) व्हीनसचा जन्म (सु. १४८५) या चित्रात वायुदेवतेच्या फुंकरीबरोबर फिकट गुलाबी फुले समुद्रावर उतरतात. ख्रिस्ती कलेने हेच फूल मेरीला वाहिले : पांढरा गुलाब पावित्र्याचा, तांबडा हौतात्म्याचा, मेरी स्वतः मात्र ‘बिनकाट्यांचा गुलाब’. श्टेफान लॉक्नरच्या (सु. १४१०–५१) गुलाबकुंजातील मेरीच्या चित्रात सुवर्णभूमीवरील फुले व वादक देवदूत स्वर्गीय प्रसन्नता निर्माण करतात. मार्टिन शोनगाउअरने याच विषयावर १४७३ मध्ये रंगविलेल्या चित्रात वेडीवाकडी फांदी, पान व पक्षी यांचे सूक्ष्म निरीक्षण आहे. त्यात मेरीची दृष्टी खिन्न असल्याने भोवतालचे तांबडे गुलाब पुत्राच्या भावी बलिदानाची सूचना देतात. विषय व संकेत समान असूनही दोन्ही चित्रांचा भाव भिन्न आहे.

इंग्लंडमध्ये सातव्या हेन्रीने (कार. १४८५–१५०९) लँकेस्टर घराण्याचा तांबडा व यॉर्क घराण्याचा पांढरा गुलाब एकत्र करून ट्यूडर गुलाब हे राजचिन्ह रूढ केले. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या प्रार्थनामंदिरात ते दगडात कोरलेले आढळते. तेथील भूमितीय आकारात घोषणेचे बळ आहे, भावनेला अवकाश नाही. याउलट निकोलस हिल्यर्डच्या (१५४७–१६१९) गुलाबांमधील तरुण (सु. १५८७) या लघुचित्रात पहिल्या एलिझाबेथचे पांढरे रानगुलाब काट्यांसह तरुणाला वेढतात; त्यामुळे राजनिष्ठा व प्रणयवेदना एकरूप होतात.

डच पुष्पचित्रांत भिन्न ऋतूंची फुले एकाच पात्रात येतात. राखेल राउशच्या (१६६४–१७५०) चित्रांतील कललेले गुलाब व कीटक वैभवाच्या क्षणभंगुरतेची जाणीव देतात. यान व्हान हाउसमने (१६८२–१७४९) पिवळा गुलाब प्रत्यक्ष न मिळाल्याने एक चित्र अपुरे ठेवल्याचे पत्रात नमूद केले आहे. या प्रतीकाला निरीक्षणाचा केवढा आधार होता, हे त्यावरून दिसते.

इराणी कलेत गुलाबाचा आशय बुलबुलाच्या जोडीने सिद्ध होतो. सतराव्या शतकापासून विशेष बहरलेल्या ‘गुल-ओ-बुलबुल’ या प्रकारात पक्षी हा प्रेमी वा ईश्वराचा शोध घेणारा आत्मा, तर फूल हे प्रेयसी वा दिव्य सौंदर्य होय. लाखकामाच्या कलमदानांवर व पुस्तकांच्या वेष्टनांवर हा आकृतिबंध विपुल आहे.

एकोणिसाव्या शतकात यंत्रनिर्मित कापड व भित्तिपत्रे यांवर गुलाबाची अमर्याद पुनरावृत्ती झाली. सोबतचे संदर्भ गळाल्याने त्याची प्रतीकशक्ती क्षीण झाली व बव्हंशी गोडवाच उरला. चार्ल्स रेनी मॅकिंटॉश (१८६८–१९२८) व मार्गारेट मॅकडॉनल्ड (१८६४–१९३३) यांनी ग्लासगो येथे गुलाबाला मोजक्या वक्ररेषांत बांधून भिंत, काच व आसने यांच्या रचनेत सामावून घेतले. त्यांच्या गुलाबात जुना धार्मिक वा राजकीय संकेत नाही. परंतु संपूर्ण दालनाशी असलेल्या नात्यामुळे त्याला कलात्मक अर्थ पुन्हा प्राप्त झाला.