निष्काम कर्मयोग आणि व्यवस्थापन : फलत्याग कोणी करावा?

नेतृत्वविकासाच्या कार्यशाळांमधून भगवद्गीतेचा आधार घेण्याची प्रथा आता चांगलीच रूढ झाली आहे. दुसऱ्या अध्यायातील ४७ व्या श्लोकाचा उल्लेख तर तेथे हमखास होतो. कर्मचाऱ्याने फळाची अपेक्षा न ठेवता काम करावे, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. हा अर्थ कितपत मूलानुसारी आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सर्वप्रथम या उपदेशाचा श्रोता कोण, हे पाहणे अगत्याचे ठरते. अर्जुन हा वेतनावर राबणारा सेवक नव्हे. तो पांडवपक्षाचा अग्रणी योद्धा आहे. ज्याच्या निर्णयावर इतरांचे भवितव्य अवलंबून आहे, त्याला फलासक्ती सोडण्यास सांगितले आहे. दुसऱ्याच्या श्रमाचे मोल नाकारण्याचा अधिकार या श्लोकातून कोणासही मिळत नाही.

तिसऱ्या अध्यायात हा विचार अधिक स्पष्ट होतो. २० व्या श्लोकात जनकाचा दाखला देऊन लोकसंग्रहासाठी कर्म करण्यास सांगितले आहे, तर पुढच्याच श्लोकात श्रेष्ठांच्या आचरणाचे लोक अनुकरण करतात, असे म्हटले आहे. परतफेड न करता केवळ उपभोग घेणाऱ्यास १२ व्या श्लोकात चोर ठरविले आहे. तेथील संदर्भ यज्ञाचा आहे, वेतनाचा नाही, हे मान्य करावे लागेल. तथापि देवाणघेवाणीचे हे तत्त्व व्यवस्थापनाला गैरसोयीचे म्हणूनच वगळले जाते की काय, अशी शंका येते. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या व १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'तही लोकसंग्रहाची जबाबदारी ज्ञानी पुरुषावर टाकलेली आहे.

प्रस्तुत लेखक उपस्थित असलेल्या एका कार्यशाळेत तासिका तत्त्वावरील अध्यापकांना निष्काम सेवेचे महत्त्व सांगण्यात आले. त्यांपैकी अनेकांचे काही महिन्यांचे मानधन तेव्हा थकलेले होते. व्यासपीठावरून त्याबद्दल एक शब्दही उच्चारला गेला नाही.

परिणामाची चिंता कमी झाल्यास कामातील एकाग्रता वाढते, हे निष्काम कर्माचे मोल नाकारता येणार नाही. परंतु फलत्याग स्वेच्छेने स्वीकारावयाचा असतो. अधिकाराच्या बळावर तो दुसऱ्यावर लादता येत नाही. म्हणून गीतेच्या आधारे नेतृत्वाचे प्रशिक्षण द्यावयाचे असल्यास दुसऱ्या अध्यायासोबत तिसराही वाचावा, आणि पहिल्या रांगेत संस्थाचालकांना व प्राचार्यांना बसवावे.