उपमेला परत आणा

अलीकडचे मराठी कवितासंग्रह एकापाठोपाठ एक वाचताना एकाच गोष्टीने माझी चिडचिड होते. ओळीओळीला रूपक आहे आणि एकाही रूपकाची जबाबदारी कवी घेत नाही. शहर आधी जखम असतं, मग आरसा, मग गर्भाशय. या तिघांचं शहराशी नातं काय, असं विचारणारा वाचक अरसिक ठरतो. ‘जसा–तसा’ म्हणणारी उपमा मात्र जुनाट म्हणून केव्हाच बाहेर काढली गेली.

उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि वाचक शब्द ही तिची चार अंगं आपण शाळेत घोकली, ‘अलंकार ओळखा’ या प्रश्नाला ‘सारखा’ दिसताच गुण मिळवले आणि विषय संपवला. खरा कस लागतो तो साधारण धर्माचा. ‘सारखं’ म्हटलं की ‘कशात सारखं?’ याचं उत्तर द्यावंच लागतं.

ज्ञानेश्वरीचा पहिला अध्याय पाहा. समोर आप्त बघून अर्जुन गळून गेला आहे. तिथे ज्ञानदेव भुंगा आणतात. कसलंही कोरडं लाकूड लीलया पोखरणारा हा भुंगा कोवळ्या कळीत अडकतो; प्राण गेला तरी पाकळी चिरत नाही. ‘अर्जुन हळवा झाला’ एवढंच म्हटलं असतं तर भित्रेपणाचा संशय राहिला असता. भुंग्यामुळे कळतं की त्याचं बळ तसूभरही घटलेलं नाही. ते बळ इथे वापरायला त्याचं मन तयार नाही. पण कळीत भुंगा मरू शकतो, म्हणजे या स्नेहाला निखळ शाबासकीही नाही. अर्जुनाचा सगळा पेच त्या कळीत आहे. उपमा काढली तर उरते ती नुसती बातमी.

रूपकाशी माझं वैर नाही. बहिणाबाईंनी मनाला उभ्या पिकातलं ढोर केलं आणि कितीही हाकला, ते फिरून पिकावरच येतं, हे लगेच सांगून टाकलं. मर्ढेकरांच्या पिंपात मेलेल्या उंदरांना ‘जसे’ लागलं नाही, कारण कविता त्या एका पिंपाशी थांबते. ग्रेस यांच्या धूसरतेला स्वतःची लय होती. अनुकरण करणाऱ्यांनी तेवढी धूसरता उचलली.

समीक्षकही दोषी आहेत. ‘समृद्ध प्रतिमासृष्टी’ असं प्रस्तावनेत लिहिताना त्यातली एक तरी प्रतिमा कुणी उलगडून दाखवतं का? अर्थ लागला नाही की ध्वनीचं, म्हणजे शब्दांपलीकडे सुचणाऱ्या अर्थाचं, नाव पुढे करतात. पण ध्वनीची बाजू मांडणारा आनंदवर्धनच सांगतो की ज्याला प्रकाश हवा तो दिव्याच्या ज्योतीसाठी खटपट करतो. तसं व्यंग्यार्थ, म्हणजे सुचवलेला अर्थ, हवा असणाऱ्याने आधी वाच्यार्थ, म्हणजे शब्दांचा सरळ अर्थ, सांभाळावा. ज्योतच नसेल तर अंधाराला सूचकता म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही.

संपादकांना माझी विनंती आहे. हस्तलिखितातल्या प्रत्येक रूपकाशेजारी ‘कशात सारखं?’ असं लिहा आणि ते कवीकडे परत पाठवा. कवितेत उत्तर सापडलं नाही, तर ती ओळ छापू नका.