'समाधानी', 'असमाधानी' आणि 'सांगता येत नाही' : संशोधन केंद्रांतील कर्मचाऱ्यांच्या वेतनविषयक मतांच्या अभ्यासाची चिकित्सा

प्रास्ताविक

पश्चिम महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत वाणिज्य, समाजशास्त्र आणि मानसशास्त्र या विषयांचे एम.फिल. प्रबंध चाळले, तर 'कर्मचाऱ्यांचे नोकरीविषयक समाधान' हा विषय वारंवार भेटतो. सहकारी बँक, साखर कारखाना, एस.टी. आगार, दूध संघ आणि अधूनमधून एखादी प्रयोगशाळा किंवा कृषी संशोधन केंद्र. ठिकाण बदलते, प्रश्नावली बहुधा तीच राहते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी एम.फिल. पदवी बंद केली. तिच्यातून रूढ झालेली अभ्यासाची रीत मात्र शोधनिबंधांतून पुढे चालू आहे. प्रस्तुत लेखकाचा प्रबंधही याच जातकुळीतला होता. त्यामुळे पुढील चिकित्सा काही अंशी स्वतःच्याच कामाची आहे, हे आरंभीच नमूद करणे योग्य ठरेल.

येथे उपस्थित केलेला प्रश्न मर्यादित स्वरूपाचा आहे. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत जी संशोधन केंद्रे आहेत, तेथील कर्मचाऱ्यांना वेतन आणि कार्यजीवन यांविषयी काय वाटते, हे प्रचलित प्रश्नावलीतून कळते काय? प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रश्नावलीत 'मत' म्हणून जे नोंदवले जाते ती मुळात तुलना असते. ती कोणाशी केलेली आहे हे विचारले जात नाही, आणि ज्यांची तुलना सर्वांत बोलकी ठरली असती ते बहुधा नमुन्याच्या बाहेर राहतात.

मापनाचा वारसा

रॉबर्ट हॉपॉक यांनी १९३५ साली नोकरीतील समाधानावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा अमेरिकेतील न्यू होप या छोट्या गावातील काम करणाऱ्या माणसांची त्यांनी पाहणी केली होती. रेन्सिस लायकर्ट यांची श्रेणी त्याआधीची, १९३२ ची. ती विद्यार्थ्यांच्या सामाजिक-राजकीय अभिवृत्ती मोजण्यासाठी तयार झाली होती. फ्रेडरिक हर्झबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये मांडलेला द्विघटक सिद्धान्त पिट्सबर्ग परिसरातील सुमारे दोनशे अभियंते आणि लेखापाल यांच्या मुलाखतींवर उभा आहे. वेतन हा घटक त्यांनी मुख्यतः असमाधान टाळणाऱ्या घटकांत ठेवला. वेतन कमी असेल तर माणूस नाराज होतो, पण ते वाढल्याने त्याला कामाची ओढ लागत नाही, असा त्याचा ढोबळ अर्थ. आपल्याकडील कितीतरी प्रबंधांत हे विधान दुसऱ्या प्रकरणात सिद्धान्त म्हणून येते आणि पाचव्या प्रकरणात निष्कर्ष म्हणून परत येते. मधल्या दोन प्रकरणांतील कोष्टकांनी त्यात काय भर घातली, हे शोधावे लागते.

प्रयोगशाळेपुरते पाहायचे तर डोनाल्ड पेल्झ आणि फ्रँक अँड्र्यूज यांचा १९६६ चा अभ्यास अधिक जवळचा आहे. सुरक्षितता आणि आव्हान या दोन्हींचा ताण जेथे एकत्र नांदतो तेथे वैज्ञानिकांचे काम चांगले होते, असे त्यांना आढळले. पण हाही अभ्यास वैज्ञानिकांचा आणि अभियंत्यांचाच आहे. काचेची भांडी धुणारा, नमुने वाळवणारा, प्रक्षेत्रावर रोपे मोजणारा माणूस त्यात नाही. विज्ञानाचे इतिहासकार स्टीव्हन शेपिन यांनी १९८९ मध्ये रॉबर्ट बॉइल यांच्या सतराव्या शतकातील प्रयोगशाळेविषयी लिहिताना याच अनुपस्थितीवर बोट ठेवले. बॉइल यांच्या पदरी अनेक सहायक होते, पंप तेच चालवीत, निरीक्षणेही पुष्कळदा तेच घेत. परंतु ते पगारी असल्यामुळे त्यांचे कष्ट आणि त्यांचे पाहणे हे दोन्ही मालकाच्या नावे जमा झाले. वेतनाकडे पाहण्याची ही दृष्टी हर्झबर्गपेक्षा निराळी आहे. येथे वेतन म्हणजे केवळ कामाचा मोबदला राहत नाही. ज्ञानावरील हक्क कोणाचा, हेही त्यातून ठरते.

पाडेगाव, डिग्रज, फलटण

सातारा जिल्ह्यात नीरेजवळ पाडेगाव येथे १९३२ साली ऊस संशोधन केंद्र सुरू झाले. पुढे १९६८ मध्ये स्थापन झालेल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या छत्राखाली ते आले. को ८६०३२ हा वाण महाराष्ट्रात १९९६ साली 'नीरा' या नावाने प्रसारित झाला, आणि २००७ मध्ये 'फुले २६५' आला. कराड-वाळव्यापासून नगर-सोलापूरपर्यंतच्या शेतकऱ्याला ही नावे पाठ आहेत. एक वाण तयार व्हायला दहा-बारा वर्षे सहज लागतात. संकरातून आलेली रोपे लावायची, त्यांतून निवड करायची, निवडलेल्यांचे बेणे वाढवायचे, पुन्हा निवड, मग वेगवेगळ्या ठिकाणी चाचण्या, आणि आडसाली, पूर्वहंगामी, सुरू व खोडवा अशा प्रत्येक पिकात त्याचे वागणे तपासायचे. या सगळ्या काळात कोणीतरी सरीतून वाकून फुटवे मोजत असते, काणीचा चाबूक दिसताच ते बेट उपटून काढत असते, रसाचा ब्रिक्स पाहण्यासाठी नमुने आणत असते. संशोधन संचालक बदलतात, पैदासकारांच्या बदल्या होतात. सरीतला माणूस पुष्कळदा आसपासच्या गावातलाच असल्यामुळे तेथेच राहतो. त्याच्याजवळ जे ज्ञान साठते त्याला आस्थापनेच्या भाषेत नाव नाही. ते अकुशल श्रमातच धरले जाते.

सांगलीजवळ कृष्णाकाठी कसबे डिग्रज येथील कृषी संशोधन केंद्राचेही असेच. 'केडीएस' या अक्षरांनी सुरू होणारे सोयाबीनचे वाण शेतकरी मागून घेतात. 'फुले संगम' हा केडीएस ७२६. त्या अक्षरांत गावाचे नाव आहे. महाबळेश्वरला गव्हाच्या तांबेऱ्यावरील संशोधन केंद्र आहे. वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळणाऱ्या त्या गावी नियुक्तीवर जाणे म्हणजे काय, हे 'कामाच्या ठिकाणचे भौतिक वातावरण' या शीर्षकाखालील एका खुणेत कसे मावणार?

फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था ही या सर्वांहून वेगळी. बनबिहारी निंबकर यांनी ती १९६८ साली स्थापन केली. गोड ज्वारी, करडई, जुळी कोकरे देणारी 'नारी सुवर्ण' मेंढी, इथेनॉलवरील कंदील व शेगडी असे तिचे काम दूरवर पोहोचले आहे. अमेरिकेत उच्च शिक्षण घेतलेले अनिल राजवंशी १९८१ मध्ये फलटणला आले आणि ग्रामीण भागात संशोधन करण्याच्या अनुभवावर त्यांनी इंग्रजीत विपुल लेखन केले. खाजगी ना-नफा संस्थेतील माणसाच्या वेतनाची तुलना कोणत्या आयोगाशी करायची, हा प्रश्न तेथे अधिक टोकदार होतो. शहर सोडून आलेला अभियंता स्वतःचे वेतन पुण्यातील वर्गमित्राशी ताडून पाहील आणि फलटण तालुक्यातील तंत्रज्ञ शेजारच्या साखर कारखान्याशी, अशी अपेक्षा करता येते. एकाच संस्थेतील दोघांनी 'असमाधानी' या रकान्यात खूण केली तरी त्यांची नाराजी एक नसते. संस्थेचा इतिहास मात्र आपल्यापर्यंत संस्थापकांच्या आणि संचालकांच्या लेखणीतून येतो. हा त्यांचा दोष नव्हे. आत्मकथन हा प्रकारच तसा आहे. जयंत नारळीकरांचे 'चार नगरांतले माझे विश्व' वाचतानाही आपण वैज्ञानिकाच्या जगात असतो, त्याच्या कार्यशाळेतील कारागिराच्या नव्हे.

एका टेबलावरचे दोन पगार

शासकीय व अनुदानित केंद्रांतील वेतनविषयक मताचा विचार करताना एका तारखेकडे दुर्लक्ष करता येत नाही. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर राज्याच्या सेवेत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना नाकारली गेली आणि अंशदान योजना लागू झाली. समजा, एका केंद्राच्या कार्यालयात एकाच पदावर दोन लिपिक बसतात. एक ऑगस्ट २००५ मध्ये रुजू झालेला, दुसरा २००६ च्या जूनमध्ये. दोघांनाही सातव्या वेतन आयोगाचा लाभ १ जानेवारी २०१६ पासून मिळाला, मूळ वेतनात फार अंतर नाही. 'सध्याच्या वेतनाबाबत आपण समाधानी आहात काय?' या प्रश्नाला दोघेही 'होय' म्हणतील. वयाच्या साठीनंतर काय, हा प्रश्न मात्र एकाच्याच मनात असतो. मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचारी १४ ते २० तारखेपर्यंत संपावर गेले ते याच कारणासाठी. त्यानंतर योजनेत बदलही झाले. वेतनविषयक समाधानाच्या प्रश्नावल्यांत निवृत्तिवेतन आले तरी ते 'इतर लाभ' या सदरात, कँटीन आणि गणवेश यांच्या शेजारी येते.

घरभाडे भत्त्याची गोष्ट तशीच. सातव्या वेतन आयोगात आरंभी हा भत्ता शहरांच्या वर्गवारीनुसार २४, १६ व ८ टक्के असा ठरला. खेड्यातील केंद्रावरील कर्मचाऱ्याला सर्वांत खालचा दर. कागदावर हे तर्कशुद्ध आहे, कारण खेड्यात घरभाडे कमी. प्रत्यक्षात मुलांच्या अकरावी-बारावीसाठी कुटुंब बारामतीला, साताऱ्याला वा पुण्याला ठेवले जाते आणि माणूस केंद्रावर एकटा राहतो. दोन चुली, भत्ता एका गावाचा. हा खर्च 'असमाधानी' या शब्दात येत नाही. कारण विचारले तर तो म्हणतो, पगार चांगला आहे, पुरत नाही इतकेच.

याच्या पलीकडे प्रकल्पांवरील तात्पुरती मंडळी आहेत. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची रक्कम २०१९ मध्ये ३१,००० रुपये झाली व १ जानेवारी २०२३ पासून ३७,००० रुपये. रक्कम वाढली, पण ती महिन्याच्या महिन्याला मिळेल का आणि प्रकल्प संपल्यावर पुढे काय, हे प्रश्न रकमेत सामावत नाहीत. आणि त्यांच्याही पलीकडे रोजंदारीवरील स्त्री-पुरुष. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २००६ च्या उमादेवी निकालाने त्यांच्या कायम होण्याची वाट अरुंद केली. ऑक्टोबर २०१६ च्या जगजित सिंग निकालाने समान कामाला समान वेतनाचे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू असल्याचे सांगितले. मुळात संशोधन संस्था हा 'उद्योग' आहे की नाही यावरच न्यायालयीन मत हेलकावत राहिले. १९७८ च्या बंगळूर पाणीपुरवठा निकालाने संशोधन संस्थांना उद्योगाच्या व्याख्येत आणले होते, तर १९९७ मध्ये अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा उद्योग नसल्याचे त्याच न्यायालयाने ठरवले. आपण कामगार आहोत की नाही हेच ज्याला निश्चित सांगता येत नाही, त्याला कामाच्या समाधानाविषयी पाच पर्याय देणे म्हणजे पायरी सोडून जिना चढायला सांगण्यासारखे आहे.

'सांगता येत नाही'

पंचबिंदू श्रेणीत मधला पर्याय 'सांगता येत नाही' असा असतो आणि त्याला तीन गुण दिले जातात. सरासरी काढताना हे तीन गुण अर्ध्या समाधानासारखे वागतात. कोष्टकात केंद्राची सरासरी तीनच्या वर गेली की 'कर्मचारी साधारणतः समाधानी असल्याचे दिसून येते' हे वाक्य लिहिले जाते. वास्तविक या उत्तराचे अर्थ अनेक. विचार केला नाही. विचार केला आहे पण तुम्हाला सांगणार नाही. हा कागद साहेबांच्या टेबलावरून जाणार आहे. शेवटचा अर्थ सर्वांत महत्त्वाचा, कारण आपल्या पाहण्यांची परवानगी केंद्रप्रमुखांकडून मिळते, प्रश्नावल्या कार्यालयातील लिपिकामार्फत वाटल्या जातात आणि त्याच्याकडेच जमा होतात. संशोधकाला हे सोयीचे असते. गोपनीयतेचे आश्वासन पहिल्या पानावर छापलेले असते, आणि खाली नाव, पदनाम व सेवेची वर्षे भरायला रकाने असतात.

'सांगता येत नाही' ची संख्या स्वतंत्रपणे मांडावी, ती सरासरीत मिसळू नये, एवढी साधी सुधारणा केली तरी अनेक निष्कर्ष बदलतील. प्रश्नाबरोबर 'कोणाच्या तुलनेत?' हा उपप्रश्न जोडला तर आणखी. त्यासाठी मुलाखत घ्यावी लागते, तीही केंद्राच्या आवाराबाहेर, आणि संख्या कमी राहते. संख्या कमी राहिली की मार्गदर्शकांना चिंता वाटते; काई-वर्ग चाचणी लागू होत नाही. आपल्या विद्याशाखांत पद्धतीची निवड प्रश्नावरून न ठरता चाचणीवरून ठरते, ही तक्रार नवी नाही.

प्रस्तुत लेखकाने या दोन जिल्ह्यांतील एका केंद्रावर प्रश्नावल्या वाटल्या, तेव्हा त्या आस्थापना यादीनुसार वाटल्या होत्या. दुपारच्या सुट्टीत कार्यालयाच्या व्हरांड्यात कागद भरणे चालले असताना प्रक्षेत्रावरून आलेल्या एक बाई नळाशी पाणी पीत थांबल्या. बराच वेळ पाहून त्यांनी विचारले, "सर, ह्यो कागद आमाला न्हाई का?" त्या किती वर्षे तेथे काम करीत होत्या ते मी विचारले नाही. यादीत नाव नसल्याने त्यांना प्रश्नावली देता येत नव्हती. तसे मी सांगितले, आणि त्या डोईवरचा पदर सारखा करून परत निघून गेल्या. प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात 'प्रस्तुत अभ्यासात कर्मचारी या संज्ञेत नियमित आस्थापनेवरील व्यक्तींचा समावेश आहे' असे एक वाक्य आहे. ते वाक्य पद्धतिशास्त्रदृष्ट्या निर्दोष आहे. मौखिक परीक्षेत नमुन्याविषयी एकच प्रश्न आला : संख्या पुरेशी आहे असे आपल्याला वाटते काय? मी 'होय' असे उत्तर दिले, आणि परीक्षकांनी पुढचे पान उलटले.