वस्तू गावाच्या, श्रोते शहराचे : कलासंग्रहालयाचे सार्वजनिक उपक्रम आणि मुळशीचा लोकसमाज

प्रस्तावना

आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने २०२२ मध्ये प्राग येथील अधिवेशनात संग्रहालयाची नवी व्याख्या स्वीकारली. संग्रह, जतन, संशोधन आणि प्रदर्शन या रूढ कार्यांबरोबरच समाजघटकांचा सहभाग हेही संग्रहालयाचे लक्षण म्हणून या व्याख्येत नोंदवले गेले. मात्र 'सहभाग' म्हणजे नेमके काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. व्याख्यानाला उपस्थित राहणे हा सहभाग मानायचा की वस्तूविषयी बोलण्याचा अधिकार मिळणे हा ? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि त्याच्या पश्चिमेस पसरलेला मुळशी तालुका यांच्या संदर्भात केला आहे.

संग्रहामागील दृष्टी

डॉ. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांनी १९२० च्या सुमारास संग्रहास प्रारंभ केला. 'अज्ञातवासी' या टोपणनावाने काव्यलेखन करणाऱ्या या संग्राहकाने अकाली निधन पावलेल्या आपल्या राजा या मुलाचे नाव संग्रहालयास दिले. पत्नी कमलाबाई यांची त्यांना या कार्यात साथ होती. पुढे हा संग्रह महाराष्ट्र शासनाकडे सुपूर्द करण्यात आला. संग्रहात वीस हजारांहून अधिक वस्तू असून त्यांपैकी थोड्याच एका वेळी मांडता येतात.

केळकरांचे वेगळेपण त्यांच्या निवडीत आहे. राजेरजवाड्यांची शस्त्रे आणि मूर्ती जमवणारे संग्राहक त्या काळी होतेच. केळकरांनी मात्र अडकित्ते, समया, लामणदिवे, फण्या, वज्री, दौती, पानदाने, कोरीव दरवाजे, वाद्ये आणि स्वयंपाकघरातील भांडी यांना कलावस्तूचा दर्जा दिला. अंग घासण्याच्या वज्रीवरही कारागिराने पक्षी किंवा हत्ती का घडवावा, हा सौंदर्यशास्त्राचा प्रश्न त्यांच्या संग्रहाने मराठी समाजापुढे ठेवला. 'कला' आणि 'उपयोग' यांतील भिंत या संग्रहाने जितकी खिळखिळी केली, तितकी आपल्या कलासमीक्षेनेही क्वचितच केली असेल.

परंतु संग्रहाची ही दृष्टी मांडणीत पूर्णपणे उतरत नाही. दालनांची रचना मुख्यतः वस्तुप्रकारांनुसार आहे : दिव्यांजवळ दिवे, अडकित्त्यांजवळ अडकित्ते. या पद्धतीने आकारांची तुलना सुलभ होते. घडणीतील वैविध्य एका दृष्टिक्षेपात कळते. मात्र ज्या घरात समई, जाते, पाळणा आणि पेटी एकत्र नांदत होती, ते घर नाहीसे होते. आपल्याकडील संग्रहालयांतील नोंदपट्टीही बहुधा वस्तूचे नाव, धातू, प्रदेश आणि शतक येथेच थांबते. घडवणारा आणि वापरणारी, दोघेही अनाम राहतात. अज्ञातवास संग्राहकाने स्वेच्छेने पत्करला होता; कारागिरावर तो लादला गेला आहे.

उपक्रमांच्या तीन पद्धती

महाराष्ट्रातील संग्रहालयांनी समाजाशी नाते जोडण्याच्या निरनिराळ्या वाटा शोधल्या आहेत. त्यांतील तीन येथे विचारात घेता येतील.

पहिली औंधची. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय उभारले. ते स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार होते. राजा रविवर्मा यांची चित्रे आणि हेन्री मूर यांचे माता-बालकाचे शिल्प त्यांनी देवीच्या वाटेवर आणून ठेवले. येथे दर्शनास आलेला माणूसच संग्रहालयाचा प्रेक्षक होतो. त्याला वेगळे निमंत्रण द्यावे लागत नाही.

दुसरी पद्धत भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची. १८७२ मध्ये खुल्या झालेल्या या वास्तूचे जतनकार्य पूर्ण होऊन २००८ मध्ये ती पुन्हा लोकांसाठी उघडली. त्यानंतर सुदर्शन शेट्टी, जितीश कल्लाट यांच्यासारख्या समकालीन कलावंतांनी जुन्या संग्रहाच्या सान्निध्यात आपल्या कलाकृती मांडल्या. जुन्या वस्तूला नवा प्रश्न विचारण्याचे हे कार्य मोलाचे आहे. तथापि प्रश्न विचारणारा येथे प्रशिक्षित कलावंत असतो.

तिसरी पद्धत मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची. २०१५ पासून या संस्थेने फिरत्या बसमधून संग्रहालय शाळांपर्यंत व गावांपर्यंत नेले. अंतराचा अडसर या उपक्रमाने दूर केला. परंतु बस जे घेऊन जाते, ते गावास दाखवण्यासाठी. गावाकडून काही घेऊन परतणे हा तिचा मुख्य हेतू नव्हे.

या तिन्ही पद्धतींचे यश मान्य करूनही एक उणीव जाणवते. तिन्हींत समाज प्रामुख्याने प्रेक्षक किंवा श्रोता आहे. वस्तूची माहिती देणारा, तिची नोंद दुरुस्त करणारा, प्रसंगी मांडणीस हरकत घेणारा अशी त्याची भूमिका अद्याप पुरेशी घडलेली नाही.

मुळशीचा संदर्भ

ही उणीव मुळशीसारख्या तालुक्यात तीव्रतेने जाणवते. केळकर संग्रहालयातील सर्वांत प्रसिद्ध दालन, मस्तानी महाल, ज्या कोथरूडहून आणून पुन्हा उभारले गेले, ते कोथरूड एके काळी पुण्याबाहेरचे, पौडच्या वाटेवरचे गाव होते. आता त्याच वाटेने शहर पुढे सरकत आहे. बावधन बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महापालिकेत समाविष्ट झाले. हिंजवडीच्या भातखाचरांवर संगणक उद्योगाच्या इमारती उभ्या राहिल्या. घर पाडले जाते तेव्हा कोरीव चौकट जुन्या बाजारात जाते. उखळ अंगणाच्या कोपऱ्यात पडून राहते.

मुळशीला वस्तू गमावण्याचा याहून जुना अनुभव आहे. टाटांच्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, येथील मावळ्यांनी सत्याग्रह आरंभला. त्यातूनच पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले. धरण झाले आणि मुळा-निळा खोऱ्यातील गावे पाण्याखाली गेली. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा विस्तृत इतिहास लिहिला आहे. मात्र त्या घरांतील देव्हारे, कणग्या, जाती आणि पाळणे यांचा इतिहास कोणत्या दालनात आहे ? लढ्याला स्मारक मिळू शकते. संसाराला संग्रहालयच लागते.

या तालुक्यात आजही जात्याला टाकी लावणे, कणगी शेणाने लिंपणे, इरले विणणे यांची नेमकी शब्दावली सांगू शकणारी पिढी आहे. ती वयोवृद्ध आहे. संग्रहालयाकडे वस्तू आहेत आणि या पिढीकडे वस्तूंची भाषा आहे. ही दोन्ही अर्धी एकत्र आणणे हेच सार्वजनिक उपक्रमाचे पहिले काम असावयास हवे.

उपक्रमांचे वेळापत्रकही येथे तपासून पाहण्याजोगे आहे. आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन १८ मे रोजी असतो. तेव्हा महाविद्यालयांना सुटी आणि मुळशीच्या शेतकऱ्याला पेरणीपूर्वीच्या मशागतीची घाई. जागतिक वारसा सप्ताह १९ ते २५ नोव्हेंबर. तेव्हा भाताची कापणी-झोडणी. शहराच्या सोयीने आखलेल्या दिनदर्शिकेत गावाला मोकळीक असलेला दिवस सापडत नाही. चैत्रातील जत्रा किंवा झोडणीनंतरचे दिवस यांचा विचार केल्यास चित्र पालटू शकेल.

आक्षेप आणि विचार

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, जतन हे संग्रहालयाचे आद्य कर्तव्य असून मर्यादित जागा व मनुष्यबळ असताना उपक्रमांचा भार त्यावर टाकू नये. हा आक्षेप गंभीर आहे. पण वस्तूविषयीचे ज्ञान हाही जतनाचाच विषय आहे. लाकडाला वाळवी लागते, तशी स्मृतीलाही लागते. पहिलीवर औषध फवारता येते, दुसरीवर नाही.

दुसरा आक्षेप असा की, लोकस्मृती विश्वसनीय नसते. तिची छाननी अवश्य व्हावी. मात्र 'सतरावे-अठरावे शतक, महाराष्ट्र' एवढ्या नोंदीपेक्षा वापरणाऱ्या स्त्रीचे छाननी केलेले कथन अधिक विश्वसनीय ठरण्याचीच शक्यता जास्त.

या कामी महाविद्यालयांचे साहाय्य सहज मिळू शकते. राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची हिवाळी शिबिरे बहुधा झोडणी आटोपल्यावरच खेड्यांत होतात. रस्ता झाडणे आणि फेरी काढणे यांच्या जोडीने घरोघरच्या वस्तूंची छायाचित्रे, नावे व उपयोग यांची नोंद विद्यार्थ्यांनी केली, ती संग्रहालयातील तज्ज्ञांनी तपासली आणि पुढील वर्षी त्याच गावाच्या शाळेत निवडक वस्तूंसह मांडली, तर गाव प्रथमच स्वतःच्या प्रदर्शनाचा निवेदक होईल. वस्तू घरातच राहील. संग्रहालयाकडे जाईल ती तिची कथा.

समारोप

संग्रहालयाच्या उपक्रमांचे मूल्यमापन सामान्यतः कार्यक्रमांची संख्या आणि उपस्थिती यांवरून केले जाते. या लेखातील विवेचनावरून असे म्हणता येईल की, उपक्रमानंतर संग्रहालयाच्या नोंदवहीत किती नव्या ओळी लिहिल्या गेल्या, हा त्याहून कठोर निकष आहे. केळकरांनी घरगुती वस्तूला कलेचा मान मिळवून दिला, हे त्यांचे ऐतिहासिक कार्य होय. ज्यांच्या घरांतून अशा वस्तू आल्या, त्यांना जाणकाराचा मान देणे हे त्या कार्याचे पुढचे पाऊल आहे. मुळशीत त्यासाठी उपलब्ध असलेला काळ झपाट्याने कमी होत आहे.